सातबाऱ्यावर माझं नाव आहे

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तुला सगळ्यात आधी भीतीच कशी सुचते?" आणि फोन ठेवलास. तेव्हापासून मीही केला नाही. फोनवर माझं असंच होतं. तू भरभर बोलतेस, मला म्हणायचं ते जुळेपर्यंत तू पुढच्या गोष्टीवर गेलेली असतेस, आणि मग माझ्या तोंडून नेमकं नको तेच निघतं. म्हणून आज वेचणीला बाया लावून दिल्या आणि लिहायला बसले. कागद मधे तोडत नाही.

बँकेचं पाकीट मिळालं. सगळे कागद सावकाश वाचले. तुझा प्रकल्प अहवाल वाचताना ऊर भरून आला. तुरीला तेलपाणी लावण्यापासून डाळ सॉर्टेक्समधून, म्हणजे निवडायच्या मशीनमधून, निघेपर्यंतची प्रत्येक पायरी तू लिहिली आहेस. क्विंटलमागे 70-72 किलो डाळ, चुनी किती, टरफल किती, चुनी ढोरांच्या खाद्याला कुठं विकायची, सगळं. हिंजवडीत बसून तू हे कधी शिकलीस? बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. संध्याकाळी मात्र चौकात जाऊन सांगून आले की आमची ताई डाळ मिल टाकते. रात्री मोठी आई विचारायला आली, "पोट्टीनं नोकरी सोडली म्हन्ते, काहून वं?" म्हणजे गावभर झालं.

वावराचं मी शेवटी लिहिणार आहे. आधी नोकरीचं.

नोकरी सोडलीस याचा मला राग नाही. तू नोटीस दिल्याचं सांगितलंस त्या रात्री झोप लागली नाही हे खरं, पण राग नाही. पोळ्याला आली होतीस तेव्हा जेवता जेवता म्हणालीस की दहा वर्षं रात्रंदिवस काम करते, पण मी केलेलं मला कुठं दिसत नाही. परदेशातल्या कुठल्या तरी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये जातं आणि तिथंच संपतं. ते बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. आपल्या घरात ज्यानं जे केलं ते त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. बाबांनी जिनिंगमध्ये हिशेब लिहिले, पण गाठी समोर रचलेल्या दिसायच्या. मला अंगणवाडीतली पोरं दिसली, माझ्या हाताला धरून आलेली. त्यातली एक आता दवाखान्यात नर्स आहे आणि माझं बीपी तीच मोजते. तुला असं काही नाही म्हणून तू कासावीस होतेस, हे मला कळतं. पगाराचा आकडा सांगितला की सगळे गप्प बसतात, पण आकडा म्हणजे काम नव्हे, हे तुझं म्हणणं मला पटतं.

आणि आपल्या ओसरीत फोटो कुणाचा लावला आहे? शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला, जागतिक टपाल संघटनेत मोठ्या हुद्द्यावर होते. ती नोकरी सोडून, बायको आणि मुलींना घेऊन ते परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले. आधी स्वतः शेती करून पाहिली, तिच्यात पैसा का उरत नाही ते वहीत मांडून पाहिलं, मग शेतकरी संघटना उभी केली. बाबांनी आमच्या लग्नात कोटाला संघटनेचा लाल बिल्ला लावला होता, तुझे आजोबा, आबाजी, त्यावरून रुसले होते. 1991 मध्ये शेगावच्या मेळाव्यात साहेबांनी माजघर शेती सांगितली: पिकलं ते कच्चं विकून मोकळं होऊ नका, घरात त्यावर काही करा आणि मग विका. बाबा तिथं होते. तुझा अहवाल ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "सायबानं तवाच सांगतलं होतं. आमच्यानं झालं नाही, पोरगी करून रायली." यापुढं मी काय सांगू? तुझ्या बाबांनी इतकं मोठं वाक्य माझ्याबद्दल कधी म्हटलं नाही.

तर नोकरीचं माझं काही नाही. कागदाचं आहे.

त्या पाकिटात एक कागद गहाणखताचा आहे. त्यावर सही माझी लागते, कारण सातबारा माझ्या नावावर आहे. बाबांना विचारलं तर म्हणतात, "वावर तुयं हाये, मले काहाले इचारतं?" त्यांनी 35 वर्षांपूर्वी जे एकदा ठरवलं त्यावर ते आजही ठाम आहेत. त्यामुळे आता ठरवायचं मलाच आहे.

हे वावर माझ्या नावावर लक्ष्मीमुक्तीत झालं, एवढं तुला माहीत आहे. कसं झालं ते मी कधी नीट सांगितलं नाही. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन झालं, त्याला माझी आई गेली होती. गावाबाहेर एकटी कधी न गेलेली बाई, सोबत भाकरी बांधून गेली आणि आली तेव्हा घोषणा देऊन देऊन घसा बसलेला. आठवडाभर घरात खुणांनी बोलत होती. मी तेव्हा बारावीला होते. पुढं लग्न होऊन इथं आले आणि साहेबांनी लक्ष्मीमुक्ती काढली: घरातली बाई जन्मभर राबते, तिचं देणं घरावर आहे, तिच्या नावावर जमीन करून ते फेडा, ज्या गावात शंभर जण करतील त्या गावात मी येईन. बाबांनी त्यांच्या वाटणीचं अडीच एकर माझ्या नावावर करायचं ठरवलं. आबाजी त्या दिवशी जेवले नाहीत. तलाठी विचारत होता, घरात काही भांडण आहे का? बाबा म्हणाले, "भांडन नाही, देनं हाये." फेरफार होऊन सातबारा हाती आला तेव्हा माझं नाव मी बोटानं चाचपून पाहिलं होतं. माहेरचं नाही, सासरचं नाही, माझं.

तुला वाटेल, आई आता भावनेचं घेऊन बसली. भावनेचं नाही.

लहान्या बाबांनी, तुझ्या काकांनी, कर्जापायी जीव दिला तेव्हा आम्ही तुला मामाकडं ठेवलं होतं, म्हणून मधले दिवस तुला माहीत नाहीत. 2006 च्या त्याच पावसाळ्यात पंतप्रधान विदर्भात आले, 6 जिल्ह्यांना 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आपला वर्धा जिल्हा त्यात होता. गावात लोक रेडिओला चिकटून बसले होते. अशा घराला 1 लाखाची मदत मिळायची, 30 हजार रोख आणि 70 हजारांची ठेव. पण त्यासाठी शेत त्या माणसाच्या नावावर लागतं असं आम्हाला सांगितलं, आणि कर्जही बँकेचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं. वावर आबाजींच्या नावावर, कर्ज तोंडी. कागद आला, "अपात्र". काकीला वाचता येत नव्हतं, तिनं तो माझ्याकडं आणून दिला. मी वाचून दाखवला. ती म्हणाली, म्हंजे काय वं बाई? मला अजून त्याचं उत्तर देता येत नाही.

पुढं आबाजींनी नाल्याकडचं वावर विकून देणं फेडलं. आणि त्यानंतरची काही वर्षं आपण सगळे, काकी आणि तिची पोरं धरून, या अडीच एकरावर जेवलो. तू इंजिनिअरिंगला गेलीस ती पहिली फी याच वावरातल्या तुरीची. घरातलं बाकी सगळं अडकलेलं असताना ते एक मोकळं होतं, कारण त्यावर माझं नाव होतं आणि मी कुठंच सही केली नव्हती.

शेवटी लिहिणार म्हटलं होतं आणि इथंच लिहून बसले. असो. आता तुझ्या आकड्यांकडं येते, ते मी नीट पाहिले आहेत.

28 लाखांचं कर्ज, 7 वर्षं, 11 टक्के. हप्ता महिन्याला 48 हजारांच्या घरात जातो. तो तू अहवालात दाखवलाही आहेस, दुसऱ्या महिन्यापासून विक्री धरून. पण ताई, तूर काही बारा महिने येत नाही. ती जूनमध्ये पेरतो, आता फुलावर आहे, या दिवसांत धुकं पडलं की बहार गळतो, उरलं ते जानेवारीत खळ्यावर येतं. म्हणजे वर्षाचा माल तुला जानेवारी ते मार्चमध्ये घेऊन ठेवावा लागेल. 2025-26 चा हमीभाव 8,000 आहे. 100 क्विंटल तूर म्हणजे 8 लाख रुपये, एका दमात, रोख. गावच्या लोकांकडून घेशील तर चुकारा त्याच दिवशी द्यावा लागेल, ते तुला दोन महिने थांबणार नाहीत आणि थांबूही नयेत. ती तूर घेऊन तू भुंग्यापासून सांभाळणार, डाळ करणार, पुण्याला पाठवणार, दुकानदार महिना-दीड महिन्यानं पैसे देणार. मशीनची किंमत तू पैशापैशानं लिहिली आहेस, या मधल्या पैशाला मात्र एकच ओळ आहे. बचत गटात आम्ही बायांना हेच शिकवत होतो: शिवणयंत्र घेणाऱ्या बाईचं कर्ज यंत्रामुळं थकत नाही, कापडाच्या उधारीमुळं थकतं.

आणि भाव. 2015 मध्ये तूच फोन करून सांगितलं होतंस की पुण्यात डाळ 200 रुपये किलो झाली. ते पाहून पुढच्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊस चांगला झाला, आणि 2017 च्या उन्हाळ्यात बाबा खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरखाली झोपले होते. 5,050 हमीभाव, पण बारदाना नाही, मोजणी बंद, आणि बाहेर व्यापारी चार हजारात मागत होते. त्यानंतर म्यानमारची, मोझांबिकची तूर शुल्काशिवाय येत राहिली. 2023 च्या आणि 2024 च्या जूनमध्ये सरकारनं तुरीच्या साठ्यावर मर्यादा घातली, मिलवाल्यांनासुद्धा. तू जानेवारीत 8,000 नं घेतलेली तूर जूनमध्ये कितीची राहील हे ना तुझ्या हातात, ना माझ्या, ना त्या बँक मॅनेजरच्या. हप्त्याची तारीख मात्र ठरलेली. तेव्हा तो वावराकडं पाहील. त्याच्यासाठी ते अडीच एकर आहे, गट नंबर आहे.

फार बोलले. तू मला 32 वर्षांची होऊन सांगतेस आणि मी तुला पाढे शिकवल्यासारखं शिकवते, हे तुला आवडत नाही, मला माहीत आहे. राग धरू नको. इतकी वर्षं गटाचं रजिस्टर सांभाळलं, कोणी कर्जाचं बोललं की माझी बोटं आपोआप हिशेब करायला लागतात. आणि हल्ली गावात आठवड्याला फायनान्सवाले येतात, बायांना एकमेकींच्या जामिनावर पैसे देतात आणि एकीचा हप्ता चुकला की सगळ्यांना तिच्या दारात नेऊन बसवतात. परवाच एका घरासमोर मी हे पाहिलं. तिची पोरगी शाळेचं दप्तर घेऊन दाराबाहेर उभी होती, आत जाऊ की नको म्हणून. त्या दिवशीच तुझं पाकीट आलं.

तुझ्या आजीनं जातं कधी विकू दिलं नाही. तूर रात्रभर भिजवायची, उन्हात वाळवायची, मग आम्ही दोघी समोरासमोर बसून भरडायचो, ती ओव्या म्हणायची आणि तू आमच्या मधे बसून मूठमूठ घालायचीस. मूठ मोठी घातलीस की आजी ओरडायची, दाणे चुरतात म्हणून. सुपानं पाखडायला बसलो की कळणा तुझ्या केसांत. त्या डाळीचं वरण उतू जायचं नाही आणि वरून तूप नसलं तरी चालायचं. तू पुण्याला गेल्यावर पहिल्या दिवाळीत किलोभर डाळ नेलीस, मग ऑफिसातल्या मैत्रिणींनी मागितली, मग त्यांच्या शेजारणींनी, आणि गेल्या दिवाळीत भैयानं ट्रॅव्हल्सच्या डिकीत पोती घातली तेव्हा ड्रायव्हर विचारत होता, लग्न आहे का? तुझी ही मिल त्या पिशवीतूनच निघाली, हे मला दिसत होतं. तुला दिसायच्या आधी दिसत होतं असं म्हटलं तर तुला पटेल का कोण जाणे.

म्हणूनच सांगते, माल चांगला आहे याची मला शंका नाही. पण माल चांगला असणं आणि माणसाचं चांगलं होणं या दोन गोष्टी वेगळ्या. नागभीडजवळच्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवतात? थोड्याशा शेतात एकेक लोंबी निवडून त्यांनी एचएमटी तांदूळ काढला. आपण खातो, नागपूर खातं, छत्तीसगड पिकवतं. त्यांना मानसन्मान मिळाले, पेपरात फोटो आले, आणि 2018 मध्ये ते गेले तेव्हा उपचाराच्या पैशासाठी घरच्यांची ओढाताण झाली होती. आयुष्याचं काही तरी व्हावं म्हणून तू निघाली आहेस ते चांगलंच, पण त्यात तुझा स्वतःचा पगार धर. अहवालात मजूर आहेत, हमाल आहे, तुझी ओळ कुठं आहे? पहिली तीन वर्षं पगार घेणार नाही असं फोनवर मोठ्या उमेदीनं म्हणालीस. असं करू नको. बाईनं फुकट राबायचं हे या घरात 1991 मध्ये संपलं.

आता मी काय ठरवलं ते लिहिते.

गहाणखतावर मी सही करणार नाही. बाबांना सांगितलं, त्यांनी मान हलवली. तू रागावशील. रागाव, पण पुढचं वाच.

28 लाखांची मिल आत्ता टाकू नको. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी दाल मिल आहे, पीकेव्हीची. शेजारच्या तालुक्यात एका गटानं घेतली आहे, मी आणि मोठी आई एसटीनं जाऊन पाहून आलो. दोन बाया चालवतात. डाळ हातात घेऊन पाहिली, फोड चांगली आहे, फटका डाळीसारखी चकाकी नाही. पण तुझी गिऱ्हाइकं बिनपॉलिशचीच मागतात ना? मग चकाकी आणायला लाखोंची मशीन कशाला? सॉर्टेक्सचं काम आपल्या गटातल्या बाया निवडून करतील, त्यांना थंडी-उन्हाळ्यात, शेतात काम नसतं तेव्हा मजुरी मिळेल. पुढं माल वाढला आणि हातानं निवडणं पुरेना झालं तर घे सॉर्टेक्स, तेव्हा मिलच्या कमाईवर घे.

असं केलं तर सगळं मिळून कर्ज 10 लाखांच्या आत बसतं. लहान उद्योगाच्या एवढ्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मॅनेजरनं तुला हे सांगितलं नसेल तर विचार, आणि लेखी विचार. हप्ता 17 हजारांच्या आसपास येईल, तो तुझ्या साठवलेल्या पैशांतून वर्षभर गेला तरी तू मोडणार नाहीस. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेचं 2025-26 सालचं 35 टक्के अनुदान यालाही आहे, कमाल 10 लाखांपर्यंत. एक लक्षात ठेव, ते अनुदान हाती पडत नाही. बँकेत वेगळं पडून राहतं आणि 3 वर्षं खातं नीट चाललं तर कर्जात वळतं होतं. तुझ्या अहवालात ते पहिल्याच वर्षी जमेला धरलं आहे, ते काढ.

जागेसाठी भाडं देऊ नको. वावरातला कोठा रिकामा आहे, बैल गेल्यापासून तिथं फक्त कुटार भरलेलं असतं. टिना बदलून घेऊ, खाली कोबा करू, वाळवायला पुढचं खळं आहे. लाइनचं मात्र आधी पाहा. शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. त्यावर मिल चालत नाही. धंद्याची वेगळी जोडणी घ्यावी लागेल, अर्ज आत्ताच टाक, त्याला वेळ लागतो. आणि पहिल्या वर्षीची तूर: आपली आहेच, गटातल्या बाया आपापल्या घरची देतील. चुकारा निम्मा आधी, निम्मा डाळ विकल्यावर घ्यायला त्या तयार आहेत. मी बैठकीत विचारलं. कोणीच नाही म्हटलं नाही. एकीनं विचारलं, ताई खरंच इथं राहणार का? मी हो म्हटलं. बरोबर सांगितलं ना?

तर वावर मी देत नाही असं समजू नको. वावर देते, कोठा देते, तूर देते, बाया देते, माझे दोन हात देते. फक्त बँकेला देत नाही. यात भीती आहे हे मान्य. तू म्हणतेस ती आधी सुचते. सुचू दे. तुला ती सुचत नाही, मग घरात कुणाला तरी सुचायला हवी.

भैयाला पाठवलेला तुझा मेसेज मी वाचला, त्यानंच दाखवला, त्याच्यावर चिडू नको. "आई कधीच माझ्यावर विश्वास ठेवणार नाही," असं लिहिलं आहेस. दहावीला तू तालुक्यात पहिली आलीस तो पेपर अजून माझ्या पेटीत सातबाऱ्याखाली आहे. विश्वास नसता तर पुण्याच्या गाडीत बसवलंच नसतं. पण लहान्या बाबांवरही आमचा सगळ्यांचा विश्वास होता. ते घरात सगळ्यांत हुशार होते, ठिबक पहिल्यांदा गावात त्यांनीच आणलं. हुशार माणसाला वाटतं, पुढच्या हंगामात जमेल. मग त्याच्या पुढच्या. आणि तो कुणाला सांगत नाही. मला तुझ्याकडून एवढं एकच वचन हवं, की हप्ता चुकेल असं दिसलं तर ते मला आधी सांगशील, बँकेच्या नोटिशीच्या आधी, चुकल्यावर नाही. रात्री दोन वाजता सांग. मी काही विचारणार नाही, फक्त ऐकेन. हे मी त्यांना म्हणू शकले नव्हते, ते माझे दीर, त्यांच्याशी मी डोक्यावर पदर घेऊन बोलायचे. तुझ्याशी तर बोलू शकते.

बुधवारी येता आलं तर ये. अहवाल नव्यानं करून आण, आपण दोघी बँकेत जाऊ, बोलायचं तू, मी शेजारी बसेन. सातबारा मी बरोबर आणणार नाही, म्हणजे मागितला तरी प्रश्न नको. यंदा पावसानं सोयाबीन गेलं, पण तूर उभी आहे, येशील तेव्हा पाहशील. शेंगा धरल्या की तुझ्यासाठी सोले काढून ठेवते. मामींनी पुन्हा स्थळ आणलं होतं, मी तुझा नंबर दिला नाही.

बाबा विचारतात, मिलचं नाव काय ठेवणार? ठेवलं नसेल तर त्यांना विचार, त्यांच्या मनात एक आहे, ते स्वतःहून सांगणार नाहीत.

तुझी,
आई

ता.क. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. बाबांच्या स्टेंटच्या वेळी तोच उपयोगी पडला होता. शेवटच्या दिवसाच्या आधी त्याच विमा कंपनीकडून आम्हा दोघांची वैयक्तिक पॉलिसी करून मिळते का ते विचारून घे, नंतर जुन्या आजाराचं कारण सांगून अडवतात. पीएफ काढू नको. आणि येताना बाबांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या आण, इथं त्याच कंपनीच्या मिळत नाहीत.